चोवीस तास चालणारी साठवणपेटी आणि विजेचे बिल

प्रश्न : घरातील चार फोन आणि दोन लॅपटॉप यांमधील छायाचित्रे, सासऱ्यांचे वैद्यकीय अहवाल आणि मुलीच्या नृत्याच्या चित्रफिती मिळून सुमारे दीड टेराबाइट साठा झाला आहे. तो एका जागी सुरक्षित ठेवायचा आहे. माळ्यावर दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप चालू स्थितीत पडून आहे. त्यातच दोन हार्ड डिस्क बसवून तो चोवीस तास सुरू ठेवावा, की नवीन नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून सर्वांच्या फाइली ठेवणारी साठवणपेटी, घ्यावे? विजेच्या बिलाची धास्ती वाटते.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपली धास्ती रास्त आहे. अखंड चालणाऱ्या उपकरणाचा एक वॅट म्हणजे वर्षाला पावणेनऊ युनिट, एवढे एक गणित लक्षात ठेवले की निम्मी निवड आपोआप होते. आपला डेस्कटॉप मॉनिटरशिवाय ५० वॅट घेतो असे धरले, तर महिन्याला ३६ आणि वर्षाला ४३८ युनिट होतात. दोन डिस्कचे साधे नॅस १८ वॅटवर चालले, तर वर्षाला १५८ युनिटांत भागते. शिवाय महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने हे जादा युनिट आपल्या वापराच्या सर्वांत महाग टप्प्यात मोजले जातात. म्हणून अखंड चालवण्यासाठी जुना डेस्कटॉप मी सुचवणार नाही.

खरेदी करताना प्रोसेसरच्या वेगाला फारसे महत्त्व देऊ नये. फाइली ठेवणे आणि परत देणे एवढ्याच कामाला कमी विजेवर चालणारा साधा प्रोसेसर पुरतो. विजेचा मोठा वाटा फिरत्या डिस्कचा असतो. साडेतीन इंची डिस्क काम नसतानाही नुसती फिरत राहण्यासाठी चार-पाच वॅट घेते, त्यामुळे काही वेळाने डिस्क थांबवण्याची सोय नॅसमध्ये असावी आणि ती सुरूही करावी. माझ्या ठाण्यातील घरी सॉकेटमध्ये वॅटमीटर लावून मी हे पाहिले आहे : १७ वर असलेला आकडा, डिस्क ‘टक्’ आवाज करून थांबताच ८ वर येतो. मात्र एखादा फोन दर दहा मिनिटांनी छायाचित्रे पाठवत राहिला, तर डिस्कला विश्रांती मिळत नाही आणि वारंवार थांबून सुरू होण्याने तिची झीजही होते. यासाठी सर्व फोनची पाठवणी रात्रीच्या एकाच तासात लावावी.

आता अधिक महत्त्वाचा मुद्दा. दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जाणे, म्हणजे रेड १, हा बॅकअप नव्हे. मुलीच्या हातून एखादे फोल्डर पुसले गेले, तर ते त्याच क्षणी दोन्हीकडून जाते; विजेच्या झटक्यात पेटीच जळाली, तर दोन्ही डिस्क धोक्यात येतात. एक डिस्क बिघडली तरी काम न थांबणे, एवढाच या रचनेचा उपयोग. आपल्याला तशी निकड दिसत नाही, तेव्हा नॅसमध्ये चार टेराबाइटची एकच डिस्क ठेवावी आणि दुसरी त्या जुन्या डेस्कटॉपमध्ये बसवावी. दर रविवारी दोन तास तो सुरू करून नॅसमधील नव्या फाइली त्यावर उतरवाव्यात आणि पुन्हा बंद करावा. वर्षाला जेमतेम पाच युनिट खर्च होतील आणि माळ्यावरचे यंत्र खऱ्या अर्थाने कामी येईल. पुसलेल्या फाइली तिकडूनही लगेच पुसल्या जाणार नाहीत, अशी मांडणी मात्र करावी.

नॅस माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवू नये. राउटरजवळ, हवा खेळेल अशा जागी ठेवावे. पावसाळ्यात वीज अचानक जाते, तेव्हा नॅसला यूएसबीने जोडता येणारा लहान यूपीएस घ्यावा, म्हणजे बॅटरी संपण्याआधी नॅस स्वतःहून नीट बंद होते. यूपीएसही थोडी वीज खातो, पण तेथे काटकसर करू नये.

अहवाल आणि निवडक छायाचित्रे यांची तिसरी प्रत पासवर्डने कुलूपबंद केलेल्या छोट्या डिस्कवर घेऊन घराबाहेर, जवळच्या नातेवाइकांकडे ठेवावी. अशा दोन डिस्क असल्या, तर गणपतीला आणि दिवाळीला जाणे-येणे होते तेव्हा ताजी तेथे ठेवून जुनी परत आणता येईल.