आईची गर्भाशयाची बायोप्सी ओपीडीतच करणार, भूल नाही म्हणतात. तिला सहन होईल का?

तुम्ही लिहिलंय की आई 49 वर्षांची आहे, पाळीत फार रक्त जातं, दोन्ही सिझेरियन झालीत आणि घरचे म्हणतात, "दोन मुलं झाली, हे काय दुखणार?" आधी यातलंच शेवटचं घेते. खालून बाळंतपण झालेल्या बाईच्या गर्भपिशवीचं तोंड एकदा पूर्ण उघडलेलं असतं, त्यामुळे नळी सहसा सहज जाते. सिझेरियन झालेल्या बऱ्याच जणींचं ते कधीच पूर्ण उघडलेलं नसतं. म्हणून "तिला दुखणार नाही" हे आधीच ठरवू नका.

या बायोप्सीला बहुतेक ठिकाणी साधारण 3 मिलिमीटर जाडीची मऊ प्लॅस्टिकची नळी वापरतात. ती पिशवीत घालून आतला दांडा मागे ओढला की अस्तर नळीत खेचलं जातं. नळी आत असते ती मिनिटभर, कधी त्याहूनही कमी.

दुखणं मात्र दोन वेगळ्या जागचं असतं. एक पिशवीच्या तोंडाचं: ते स्थिर धरायला चिमटा लावतात तेव्हा टोचतं. दुसरं पिशवीच्या वरच्या भागाचं: नळी तिथे टेकली की पाळीसारखी जोराची कळ येते, कमरेपर्यंत जाते. दोन्हींच्या नसा पाठीच्या कण्यात वेगवेगळ्या पातळीवर जातात, म्हणून एकाच उपायाने दोन्ही थांबत नाहीत.

कळेसाठी गोळी. आयबुप्रोफेन 400 मिग्रॅ, काहीतरी खाऊन, वेळेच्या तासभर आधी. टेबलावर चढताना घेतलेली गोळी त्या वेळी कामाची नाही. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा अशा गोळ्यांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगा.

पिशवीच्या तोंडासाठी लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध. 1 टक्क्याचं इंजेक्शन, साधारण 10 ते 20 मिली, पिशवीच्या तोंडाच्या आजूबाजूला देतात. बधिर व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात आणि गर्दीच्या ओपीडीत नेमकी इथेच घाई होते. "थोडं थांबूया का?" असं आईने बेलाशक विचारावं. इंजेक्शननंतर ओठ बधिर वाटले किंवा कानात गुणगुण सुरू झाली तर लगेच सांगायचं. चिमटा प्रत्येक वेळी लागतोच असंही नाही. नळी सरळ जात असेल तर तो टाळता येतो.

भूल नसेल तर उपाशी नेऊ नका. उपाशीपोटी आणि घाबरलेल्या अवस्थेत चक्कर येण्याचा संभव वाढतो. पिशवीच्या तोंडाला धक्का लागला की काहींची नाडी मंदावते, घाम फुटतो, मळमळतं. तेव्हा उठवायचं नाही, आडवंच ठेवून पाय वर करायचे. बहुतेकींना थोड्या वेळात बरं वाटतं.

भीतीने मांड्या आणि कंबर आवळली की तपासणीचं साधन घालतानाच जास्त दुखतं. आधी लघवी करून यावं, कंबर टेबलावर सैल सोडावी, श्वास लांब सोडावा. साधन कोमट पाण्यात धरून घ्या, असं सांगायला संकोच नको. सुरुवातीलाच ठरवून घ्या: आई "थांबा" म्हणाली की हात थांबणार. तुम्हाला आत येऊ देतील का, हेही विचारा. घाबरलेल्या बाईला ओळखीचा हात धरायला मिळाला तर पुष्कळ फरक पडतो.

आधीच्या तपासणीत असह्य दुखलं असेल, पाळीच मुळात फार दुखरी असेल किंवा कुणी हात लावल्याच्या वाईट आठवणी असतील, तर शिरेतून थोड्या वेळाची भूल मागावी. हे नखरे नाहीत. फक्त ते तपासणीच्या दिवशी नव्हे, तारीख घेतानाच सांगा, कारण त्यासाठी उपाशी राहावं लागतं आणि भूलतज्ज्ञ लागतात.

नंतर एक-दोन दिवस पोटात हलकी कळ आणि थोडे दिवस डाग चालतात. तासाला एक पॅड भिजत असेल, 100.4 फॅरनहाइट किंवा त्यावर ताप असेल, घाण वासाचा स्राव असेल किंवा दुखणं वाढतच असेल तर त्याच दिवशी दाखवा.