मुलांकडून वर्गात अमेरिकन इतिहासाचं दशकवार संग्रहालय कसं करून घ्यावं?

प्रत्येक गटाला एक दशक द्या, पण तक्ते नकोत, वस्तू मागा. १९३० च्या दशकासाठी पिठाच्या पोत्याच्या कापडाचा झगा. मंदीत कितीतरी आया मुलांना असेच कपडे शिवत. १९४० ला साखरेच्या रेशनचं पुस्तक, मुलांनीच बनवलेलं. १९५० साठी मात्र माझा आग्रह अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराचा. ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकला, कित्येक जण मैलोन्‌मैल चालत कामावर गेले. तिथे झिजलेल्या बुटांचा एक जोड पुरे. १९६० म्हटलं की चंद्र सगळेच आणतात. १९६५ चा स्थलांतर कायदाही ठेवा, त्याच दारातून अनेक मराठी कुटुंबं अमेरिकेत आली. प्रत्येक वस्तूखाली मुलांच्या शब्दांत तीनच ओळी, आणि शेजारी सांगायला एक मूल उभं.