वडिलांच्या सहीने भावाला मनोरुग्णालयात दाखल करता येईल का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला (वय ३१) स्किझोफ्रेनिया आहे. दोन महिन्यांपासून गोळ्या बंद केल्यात. जेवणात विष आहे म्हणतो, आठवडाभर बिस्किटांवर आहे. मारहाण करत नाही. डॉक्टर दाखल करा म्हणतात, तो नकार देतो. वडील सही द्यायला तयार आहेत, तेवढी पुरेल का? आई चहातून गोळी देते, ते चालेल का?

उत्तर : ताई, नुसती वडिलांची सही पुरत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार आजाराचं निदान झालं म्हणून माणसाचा संमतीचा हक्क जात नाही. त्याचा निर्णय घरच्यांना चुकीचा वाटला, एवढ्यावरूनही तो अक्षम ठरत नाही (कलम ४).

डॉक्टरांनी पाहायचं असतं ते असं : सोप्या भाषेत सांगितलेलं त्याला समजतं का, परिणाम उमगतात का, निर्णय बोलून किंवा खुणेने कळवता येतो का. ही तपासणी त्या वेळेपुरती, त्या उपचारापुरती. ‘गोळीने सुस्ती येते, वजन वाढतं’ म्हणून नकार दिला, तर ते कारण खरं आहे आणि ऐकायलाच हवं. गोळी बदलता येते. ‘गोळीत विष आहे’ म्हणून नकार दिला, तर आजार निर्णयात शिरलाय का हे पाहावं लागतं.

त्याच्या नकारानंतरही दाखल करायचं तर कलम ८९ चा मार्ग आहे. नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत रुग्णाला आधार देणाऱ्या माणसाने, अर्ज करायचा. भावाने कुणाला नेमलं नसेल, तर नातेवाईक म्हणून वडील अर्ज करू शकतात. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे, दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत तपासायला हवं. स्वतःला इजा, दुसऱ्याला धोका किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता, यांपैकी एक गोष्ट अलीकडे घडलेली असावी. तुमच्या भावाला तिसरी लागू पडू शकते. शिवाय प्रतिनिधीच्या भक्कम आधाराविना त्याला निर्णय घेता येत नाही आणि कमी बंधनाचा दुसरा मार्ग नाही, हेही दिसायला हवं.

प्रकरणं अडतात ती इथेच. अर्जात ‘ऐकत नाही, त्रास देतो’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि दुसरे डॉक्टर रुग्णाला न बघता सही करतात. तुम्ही तारखेनिशी लिहा : कधीपासून काय खाल्लं, वजन किती घटलं, झोप किती, तो नेमकं काय म्हणाला.

या कलमाखाली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. रुग्णालयाने पुरुष रुग्णाची माहिती सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायची असते (स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन). वडिलांच्या संमतीवर उपचार चालू असतील तर दर सात दिवसांनी भावाची निर्णयक्षमता पुन्हा तपासायची. ती परत आली की निर्णय भावाचा. दाखल करण्याविरुद्ध तो स्वतः मंडळाकडे अर्ज करू शकतो, त्यासाठी मोफत कायदेशीर मदतही मिळते. हे त्याला आधीच सांगा, लपवू नका.

चहातली गोळी मात्र आजच थांबवा. घरच्यांना चोरून औषध देण्याची परवानगी हा कायदा देत नाही. अर्धा कप राहिला तर डोस कळत नाही आणि डॉक्टर चुकीच्या अंदाजावर मात्रा वाढवतात. ज्याला आधीच विषाची शंका आहे, त्याला हे एकदा दिसलं तर आईच्या हातचं जेवणही तो सोडेल. आजवर किती गोळ्या दिल्या हे डॉक्टरांना खरं सांगा आणि पुढचं औषध त्यांना विचारून ठरवा.

तो सावरला की त्याच्याकडून साध्या कागदावर, त्याच्या सहीने, प्रतिनिधीचं नाव लिहून घ्या. नाव त्याने निवडायचं, तुम्ही सुचवायचं नाही.