बाटलीवरचे नाव

प्रश्न : माझा मुलगा दोन वर्षांपासून बोस्टनला एमएस करतो आहे. आपण समलिंगी असल्याचे त्याने गेल्या वर्षी आम्हाला सांगितले आणि वेळ लागला तरी आम्ही दोघांनी ते स्वीकारले. नाताळच्या सुटीत तो घरी आला होता. धुण्याचे कपडे काढताना त्याच्या बॅगेत गोळ्यांची बाटली सापडली. बाटलीवरचे नाव मोबाइलवर शोधले, तर ‘एचआयव्ही’ हा शब्द समोर आला आणि माझे हातपाय गळाले. विचारल्यावर तो म्हणाला, ‘अगं आई, आजार होऊ नये म्हणून ही गोळी घेतात.’ ‘फेनवे हेल्थ’ नावाच्या, समलिंगी लोकांसाठी असलेल्या केंद्रातून तो ती आणतो. तो खरे बोलतो आहे का? विद्यापीठाचा दवाखाना असताना वेगळीकडे कशाला जायचे? आणि उद्या तो पुण्याला परतला, तर इथे काय?
— एक आई, सांगली

उत्तर : आपला मुलगा सांगतो तशी गोळी खरोखरच आहे. तिला ‘प्रेप’ म्हणतात. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधे एकत्र असलेली ही गोळी एचआयव्हीची लागण नसलेली व्यक्ती रोज घेते, आणि ती नियमित घेतली तर शरीरसंबंधातून लागण होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होतो. हीच औषधे तिसऱ्या एका औषधाच्या जोडीने एचआयव्हीच्या उपचारातही वापरतात. त्यामुळे मोबाइलने आपल्याला घाबरवले यात नवल नाही. मात्र नुसत्या बाटलीवरून निदान होत नसते. गोळी सुरू करण्यापूर्वी एचआयव्हीची तपासणी करून लागण नसल्याची खात्री करावी लागते, मूत्रपिंडाचे कार्य पाहिले जाते आणि पुढे साधारण दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी होते. म्हणजे आपला मुलगा वर्षातून चार वेळा डॉक्टरांसमोर बसत असणार. पंचविशीतल्या किती मुलांबद्दल असे म्हणता येईल? ही गोळी गरमी (सिफिलिस) किंवा परमा (गोनोरिया) यांसारख्या इतर लैंगिक आजारांपासून वाचवत नाही, हे मात्र त्याला माहीत असायला हवे, आणि फेनवेने ते सांगितलेले असणार.

योगायोग असा, की या गोळीच्या इतिहासात फेनवेचा स्वतःचा वाटा आहे. प्रेपचा उपयोग होतो, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या अभ्यासाने प्रथम ठळकपणे दाखवले, त्यात सहा देशांतील सुमारे २,५०० जण सहभागी होते आणि बोस्टनमधील सहभागी फेनवेमार्फत आले होते. गोळी मिळालेल्या गटात लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली. ज्यांच्या रक्तात औषध प्रत्यक्ष सापडले, म्हणजे ज्यांनी गोळ्या खरोखर घेतल्या, त्यांना याहून बरेच अधिक संरक्षण मिळाले. त्यानंतर जुलै २०१२ मध्ये अमेरिकेत या वापराला मान्यता मिळाली.

आता ‘वेगळीकडे कशाला’ या प्रश्नाकडे येतो. फेनवेची सुरुवात समलिंगी लोकांचा दवाखाना म्हणून झाली नव्हती. १९७१ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आणि परिसरातील कार्यकर्त्यांनी एका तळघरात तो मोफत सुरू केला, तेव्हा वस्तीतले म्हातारे, विद्यार्थी, हातावर पोट असलेले आणि समलिंगी, असे सगळेच त्या पायऱ्या उतरून येत. अमेरिकेतील ‘कम्युनिटी हेल्थ सेंटर’, म्हणजे वस्तीचे स्वतःचे आरोग्य केंद्र, ही कल्पनाही बोस्टनचीच म्हणावी लागेल, कारण तिथल्या कोलंबिया पॉइंट या गरीब वस्तीत १९६५ मध्ये असे पहिले केंद्र उघडले. ते उभारणाऱ्यांपैकी जॅक गायगर हे डॉक्टर विद्यार्थिदशेत दक्षिण आफ्रिकेतील फोलेला गावी अशाच एका केंद्रात काम शिकून आले होते. सरकारी निधी घेणाऱ्या या केंद्रांना दोन अटी पाळाव्या लागतात. संचालक मंडळात निम्म्याहून अधिक सदस्य तिथलेच रुग्ण असले पाहिजेत आणि शुल्क रुग्णाच्या उत्पन्नानुसार कमी करता आले पाहिजे. यातली पहिली अट मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. आपल्याकडच्या रुग्णकल्याण समित्यांत रांगेत उभे राहणारे किती जण बसतात, हे ज्याचे त्याने मोजावे.

१९८० च्या दशकात एड्सची साथ आली, तेव्हा न्यू इंग्लंडमधील, म्हणजे बोस्टन ज्यात येते त्या ईशान्य अमेरिकेतील, अगदी सुरुवातीच्या रुग्णांपैकी काहींचे निदान फेनवेने केले. बाकी ठिकाणी जे बोलायची सोय नव्हती, ते इथे बोलता येत होते. ही सोय किती मोठी आहे, हे मला आपल्याकडच्या एका सरकारी रुग्णालयात कळले. बाह्यरुग्ण विभागाच्या खिडकीवर तिसऱ्या दिवसाच्या तापाने तापलेली एक तृतीयपंथी व्यक्ती साडी नेसून उभी होती. कारकुनाने आधार कार्डावरचे पुरुषी नाव मोठ्याने वाचले आणि सगळी रांग वळून पाहू लागली. तिने केसपेपरची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि निघून गेली. तिचा ताप मलेरियाचा होता की डेंग्यूचा, हे आम्हाला कधीच कळले नाही. विद्यापीठाच्या दवाखान्यातही आपल्या मुलावर उत्तम उपचार होतीलच. पण प्रत्येक नव्या डॉक्टरासमोर ‘हे सांगू की नको’ असा विचार करत बसावे लागत नाही, म्हणून तो थोडे लांब जात असावा. सर्दी-खोकल्यासाठीही तो तिथेच जाऊ शकतो.

पुण्याचे उत्तर तितकेसे समाधानकारक नाही. तृतीयपंथी व्यक्तींसाठी हैदराबाद, कल्याण आणि पुणे येथे ‘मित्र’ नावाची क्लिनिक चालत होती. त्यांतले पहिले हैदराबादला २०२१ च्या आरंभी उघडले. त्यांचा पैसा मुख्यतः अमेरिकी सरकारकडून येत असे आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या नव्या प्रशासनाने परदेशी मदत रोखताच तिन्ही बंद पडली. हैदराबादचे पुढे टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने ‘सबरंग’ या नावाने पुन्हा सुरू झाले. मुंबईत १९९४ पासून ‘हमसफर ट्रस्ट’ समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांच्या आरोग्यासाठी काम करते आहे. याखेरीज सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीविना तपासणी करण्यास आणि कोणाची स्थिती जाहीर करण्यास मनाई केली आहे. प्रेपची भारतीय बनावटीची औषधेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. त्याला कोणी ‘यावर उपचार करून घे’ असे सुचवले, तर आपण दोघांनी ठाम राहावे, कारण लैंगिक कल बदलण्याचे तथाकथित उपचार करणे हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मते २०२२ पासून डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे.

पुढच्या वेळी बॅग न उघडता त्यालाच विचारा. त्याने एकदा खरे सांगितलेले आहे.

प्रश्न : मी आरोग्यवर्धिनी केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तृतीयपंथी रुग्ण आल्यास काय विचारावे आणि काय विचारू नये, हेच कळत नाही. विचारले तर अपमान वाटेल, अशी भीती वाटते.
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : कुतूहल म्हणून विचारले तर अपमान वाटतो, उपचारासाठी लागते म्हणून विचारले तर सहसा वाटत नाही. अमेरिकेतील सरकारी निधीच्या केंद्रांना २०१६ मध्ये रुग्णांचा लैंगिक कल आणि लिंगभाव यांची माहिती कळवावी लागू लागली, तेव्हा फेनवेसारख्या केंद्रांनी दोन सरळ प्रश्नांची पद्धत रुजवली. आज आपण स्वतःला काय मानता, हा पहिला प्रश्न. जन्माच्या वेळी काय नोंदवले होते, हा दुसरा. दोन्ही लागतात, कारण पुरुष म्हणून जगणाऱ्या एखाद्या रुग्णाला गर्भाशयमुख असू शकते आणि त्याच्या कर्करोगाची तपासणी करावी लागते. तसेच स्त्री म्हणून जगणाऱ्या रुग्णाची प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेनंतरही शिल्लक असते. घसा दुखतो म्हणून आलेल्या माणसाला मात्र शस्त्रक्रियेबद्दल विचारण्याचे काहीच कारण नाही.

आपल्या नोंदवहीत दोन नावांसाठी जागा नसेल. कागदपत्रावरचे नाव जसेच्या तसे लिहावे, पण ‘हाक कोणत्या नावाने मारू?’ असे हळू आवाजात विचारून ते नाव केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने टिपून ठेवावे. गर्दीच्या दिवशी नावाऐवजी टोकन क्रमांक पुकारावा. आमच्या खिडकीवर, वरच्या उत्तरात सांगितलेल्या प्रसंगानंतर, हेच सुरू केले, आणि त्यासाठी पुठ्ठ्याचे चौकोन कापण्यापलीकडे काही खर्च आला नाही.