तुंबाडसारखं अजून काही आहे का? हल्ली पाहिलेल्या छोट्या पिक्चरांबद्दल

तुम्ही विचारलंय की तुंबाड हा हिंदी हॉरर पिक्चर फार आवडला, आता त्या जातीचं काय बघू, आणि हल्ली पाहिलेल्या कमी बजेटच्या किंवा हॉरर वगैरे पिक्चरांपैकी खरंच काय आवडलं ते कारणासकट सांगा, नुसती नावं नकोत. मग जरा सविस्तरच लिहितो. तुंबाड तुम्ही पाहिलाय म्हणून त्याच्याबद्दल मोकळेपणाने बोलतो, बाकी कुणाचा शेवट फोडत नाही.

तुंबाडमधला पाऊस, तो वाडा, पंकज कुमारचा कॅमेरा हे सगळं भारीच आहे, पण माझ्या मते माणूस अडकतो तो त्यातल्या नियमात. वाड्याखालच्या विहिरीत उतरताना कणकेची बाहुली न्यायची, पिठाचं रिंगण आखायचं, हस्तर म्हणजे तिथला सोन्यावर बसलेला भुकेला राक्षस बाहुलीवर तुटून पडला की तेवढ्यात त्याच्या लंगोटातनं नाणी ओढायची आणि दोर धरून वर यायचं, एवढंच. हे आपल्याला नीट दाखवलं जातं, आपण ते पाठ करतो आणि मग नायकाच्या पोराच्या डोक्यात येतं की जास्त बाहुल्या नेल्या तर? बस, तिथून पुढे जे होतं त्यासाठी दिग्दर्शकाला बाहेरून काहीच आणावं लागत नाही, नियम आपोआपच उलटतो. २०१८ ला थिएटरात त्याचं फार काही झालं नाही आणि सप्टेंबर २०२४ मध्ये परत लावला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला, याचा मला मनापासून आनंद झाला. तर मी आता पिक्चर बघताना हेच बघतो, की याने स्वतःचा काही नियम ठरवलाय का आणि तो शेवटपर्यंत पाळतोय का.

या हिशोबाने पहिलं नाव ब्रमयुगम, मल्याळम, २०२४ चा, राहुल सदाशिवनचा. अख्खा ब्लॅक अँड व्हाइट. सतराव्या शतकातलं मलबार, तेवन नावाचा गाणारा गुलामीतनं पळून जंगलात भरकटतो आणि एका पडक्या वाड्यात पोचतो, तिथे मालक कोडुमन पोट्टी म्हणजे मामुट्टी आणि एक स्वयंपाकी, अजून कुणी नाही. पोट्टी त्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतो, खायला घालतो, आणि मग फासे खेळायला बसवतो. तेवनकडे पणाला लावायला तर काहीच नाही, मग पोट्टी म्हणतो तुझा वेळ लाव. तो सीन नीट बघा. मामुट्टी आवाज चढवत नाही, आरामात बसलाय, आणि समोरचा माणूस हरला की त्याचं काय गेलं हे आपल्याला लगेच कळत पण नाही. पुढे पाऊस थांबत नाही, दिवस कुठला ते समजत नाही, दरवाजा उघडा असून बाहेर जाता येत नाही. जात आणि सत्ता यावर भाषण न देता एवढं बोलणारा हॉरर आपल्याकडे मला तरी दुसरा आठवत नाही. शेवटचा अर्धा तास मला थोडा कमी वाटला, रहस्य कळल्यावर मारामारी जरा लांबते. तरी पण हा चुकवू नका.

त्याच दिग्दर्शकाचा आधीचा भूतकालम, २०२२ चा, रेवती आणि शेन निगम. आई आणि बेकार मुलगा, भाड्याचं घर, अंथरुणाला खिळलेली आजी जाते आणि मग घरात काहीतरी सुरू होतं. यातली गंमत अशी की जे दिसतं ते एकट्यालाच दिसतं आणि दुसऱ्याला वाटतं याचं डोकं फिरलंय. आई आधीच डिप्रेशनमध्ये, मुलगा पिणारा, मग कोण कुणावर विश्वास ठेवणार? तासभर तर मला भूत आहे का नाही हेच ठरवता येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्या मायलेकरांची भांडणंच जास्त अंगावर आली. रेवतीसाठी तरी बघाच.

मुंज्या बऱ्याच जणांनी सुचवला असेल. सुरुवातीचा १९५२ चा कोकणातला भाग मला मनापासून आवडला, आपल्याकडची गोष्ट मोठ्या पडद्यावर बघताना बरं वाटतं, पण नंतर दर थोड्या वेळाने जोक पाहिजेच म्हणून भीती वाढूच देत नाहीत. मुलांबरोबर बघायला ठीक.

आमिस मात्र वेगळंच प्रकरण आहे. आसामी, २०१९, भास्कर हजारिका. लग्न झालेली डॉक्टरीण आणि ईशान्येकडच्या मांसाहारावर पीएचडी करणारा मुलगा, दोघं भेटतात, वेगवेगळं मांस खातात, आणि एकमेकांना हात सुद्धा लावत नाहीत. ते न शिवणं ते इतकं कटाक्षाने पाळतात की जवळ यायला फक्त ताटच उरतं. यापुढे एक अक्षर सांगणार नाही. ट्रेलर पण बघू नका, आणि जेवताना तर अजिबात लावू नका.

आता तुम्ही म्हणाल स्थळ या यादीत कशाला, तो काय हॉरर नाही. जयंत सोमलकरचा हा पिक्चर २०२३ ला टोरंटोच्या फिल्म फेस्टिव्हलला दाखवला गेला, आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये लागला. चंद्रपूरकडचं गाव, कापूस पिकवणारा बाप, सविता शिकतेय आणि तिला बघायला पाहुणे येतात. ती येऊन बसते, पुरुषांची रांग समोर, नाव काय, शिक्षण काय, उंची किती, कशात आवड. मग पाहुणे जातात. मग दुसरे येतात आणि तेच प्रश्न, तोच क्रम. तिसऱ्यांदा पाहुणे आले तेव्हा मला पोटात गोळा आला, जो भल्याभल्या भुताच्या पिक्चरमध्ये येत नाही, कारण पुढे काय विचारणार हे पाठ झालेलं असतं आणि ते थांबवता येत नाही. बहुतेक कलाकार तिथलेच, कधी कॅमेऱ्यासमोर न उभे राहिलेले, आणि सविता झालेल्या नंदिनी चिकटेचा चेहरा प्रत्येक खेपेला थोडा थोडा बंद होत जातो ते बघण्यासारखं आहे.

साबर बोंडं हा रोहन कानवडेचा पिक्चर पण हॉरर नाही, तरी याच कारणासाठी सांगतोय, की तोही स्वतःचा ठरलेला नियम सोडत नाही. २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलमध्ये परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च बक्षीस मिळालं त्याला. वडील गेले म्हणून मुंबईचा आनंद दहा दिवस गावी, सुतकाची बंधनं, नातेवाईकांचं लग्न कर लग्न कर, आणि जुना मित्र बाळ्या. पार्श्वसंगीत नाहीच, कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी. ज्यांना हे संथ वाटेल त्यांनी पहिली वीस मिनिटं धीर धरा, नंतर तो संथपणाच हवासा वाटतो, कारण दहा दिवस संपू नयेत असं आपल्यालाही वाटायला लागतं.

क्रम विचाराल तर तुंबाडनंतर सरळ ब्रमयुगम, मग भूतकालम हेडफोन लावून रात्री. स्थळ आणि साबर बोंडं यांच्यामध्ये काही दिवस जाऊ द्या. मल्याळम, आसामी मूळ भाषेतच सबटायटल लावून बघा, डबिंगमध्ये मामुट्टीचा आवाजच गेला तर निम्मा पिक्चर गेला.