गळाला काही लागेना तेव्हा

प्रश्न : सिअ‍ॅटलजवळच्या एव्हरेटहून एका परवानाधारक कॅप्टनच्या बोटीवर मी कुटुंबांना सॅमन पकडायला नेतो. बहुतेक मंडळी मराठी. सोबत लहान मुलं, भारतातून आलेले आजी-आजोबा. २०२५च्या ऑगस्टमध्ये पोरंसुद्धा मासे ओढत होती. यंदा चार-चार तास रॉड हलत नाही आणि मंडळी हिरमुसतात. काय बदलू?

उत्तर : आधी २०२५शी तुलना थांबवा. पिंक सॅमनचं आयुष्य दोन वर्षांचं, आणि प्यूजेट साउंडमध्ये, म्हणजे तुमच्या भागातल्या खाडीत, त्याचे मोठे थवे विषम वर्षीच येतात. सम वर्षी भिस्त कोहो आणि चिनूक या सॅमनच्याच दुसऱ्या जातींवर. त्यातही चिनूकचा कोटा भरला की राज्याचं मत्स्य खातं मध्येच मासेमारी बंद करतं, म्हणून आदल्या संध्याकाळी तातडीचे नियम पाहिल्याशिवाय निघू नका. ‘बोटीवर मिळून एक-दोन मासे आले तर दिवस चांगला’ हे बुकिंग घेतानाच सांगा. धक्का सुटल्यावर सांगितलं की ती सबब वाटते.

कोहो फटफटताना वर असतो, साधारण ३० ते ६० फुटांवर. ऊन चढलं की खाली जातो. सातला जमणाऱ्या कुटुंबाची ती वेळ हुकलेलीच असते. पण पाच वर्षांखालचं मूल असेल तर पहाटेचा हट्ट धरू नका. झोपमोड झालेलं पोर अख्खी बोट डोक्यावर घेतं. त्यापेक्षा भरती-ओहोटी बदलतानाचा, पाणी संथ होतं तो तास साधा.

दिवस वाचवतात त्या कुर्ल्या. डंजनेस खेकड्यांचा हंगाम चालू असेल (वार ठरलेले असतात, तेही तपासा) तर जाता जाता सापळे टाका आणि दोनेक तासांनी उचला. आमिषाला कोंबडीची तंगडी चालते आणि टिकतेही. दोरी खोलीपेक्षा तिसरा हिस्सा जास्त आणि वजन लावलेली घ्या. तरंगती दोरी दुसऱ्या बोटीच्या पंख्यात अडकते. ठेवायचा तो नर, कडक कवचाचा, किमान सव्वासहा इंच रुंद. मोजपट्टी मुलांच्या हातात द्या. पोटावरची पट्टी अरुंद म्हणजे नर, रुंद म्हणजे मादी. हे त्यांना पाच मिनिटांत जमतं आणि मग सापळा कधी वर येतो याचीच वाट पाहतात. १५ आणि त्यावरील वयाच्यांना परवाना लागतो. त्याखालच्यांना तो लागत नाही, पण सॅमन आणि खेकड्यांसाठी नोंदकार्ड (काय पकडलं ते लिहायचं कार्ड) त्यांनाही हवं.

रॉडची पाळी निघण्याआधी ठरवा, नाहीतर एकमेव मासा लागतो तेव्हाच भावंडं भांडतात. मुलांच्या रॉडवर ११ इंची फ्लॅशर (माशांना खुणावणारी चकाकती पट्टी) लावू नका. तो पाण्यात परातीसारखी ओढ घेतो आणि मासा आहे की नाही तेच कळत नाही. इथे गळ बिनकाट्याचे, म्हणजे टोकाशी उलटा दात नसलेले लागतात, त्यामुळे दोर ढिला पडला की मासा सुटतो. मुलं ओरडायला थांबतात तेव्हा नेमकं हेच होतं. ‘आधी गुंडाळ, मग ओरड’ एवढं सांगून ठेवा.

प्रश्न : सोडून द्यायचा मासा असला तरी पालकांना तो हातात धरून फोटो हवा असतो. काय सांगावं?

उत्तर : नाही म्हणा. पाठीवर शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असेल तर मासा उबवणी केंद्रातला. पर शाबूत असेल आणि त्या भागात फक्त कापलेल्या पराचे मासे ठेवायची मुभा असेल, तर तो बोटीत घ्यायचाच नाही. कोहोचे खवले लगेच सुटतात. मासा पाण्यातच ठेवून काठावरून फोटो काढा, गळ मागच्या बाजूने धरून उलटा फिरवा. मासा आपसूक सुटतो. सॅमन जवळून दाखवायचाच असेल तर सिअ‍ॅटलच्या बॅलर्ड लॉक्सची, म्हणजे कालव्याच्या जलद्वारांची, मत्स्यशिडी (मासे चढून जाण्याचा पायऱ्यांचा मार्ग) आहे. काचेपलीकडून ऑगस्टात चिनूक आणि सप्टेंबरात कोहो वर चढताना दिसतात, तेही फुकट.

प्रश्न : आजोबा विचारतात, हा आपला रावसच ना?

उत्तर : रावसाला बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण दोघांचं नातं नाही, रावस वेगळ्याच कुळातला. कालवण करणार असाल तर कोहोचे तुकडे रस्सा उकळल्यावर शेवटी घाला आणि डाव फिरवू नका, नाहीतर त्याच्या पाकळ्या सुटून रश्शात विरतात.