तुमच्या पाहण्यातली सर्वांत स्वतंत्र बाण्याची म्हातारी बाई कोण?

माझी आज्जी. आईची आई. उत्तर लिहायला बसलो आणि आधी आईलाच फोन लावला, कारण यातलं निम्मं तिच्या डोळ्यांदेखत घडलंय, मी नंतर ऐकलंय.

आज्जी मूळची साताऱ्याकडची, पाटण तालुक्यातली. आजोबा मुंबईत लालबागला कापड गिरणीत होते. ते 1968 साली गेले तेव्हा मामा सहा वर्षांचा आणि आई दीड वर्षाची. आज्जीचा भाऊ तिला गावी न्यायला आला. त्याला ती म्हणाली, "भावजयीच्या हाताखाली फुकट भाकरी थापन्यापरीस हितं पैसं घिऊन थापते." आणि तिने खानावळ काढली.

गिरणगाव ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी बायकामुलं गावाला ठेवून यायचे. गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, एकेका खोलीत वीस-पंचवीस जण, एक पाळीवर गेला की त्याच्या जागेवर दुसरा झोपायचा. त्यांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका प्रत्येक चाळीत होत्या. आज्जीकडे बावीस मेंबर होते (गिऱ्हाईक नाही, मेंबरच म्हणायचे), आणि जागा दहा बाय बाराची. पहिल्या पाळीचे डबे सहाच्या आत भरायचे म्हणून ती साडेतीनला स्टोव्ह पेटवायची. रात्रपाळीवाले सकाळी येऊन जेवायचे, तोवर दुपारची कणीक मळलेली असायची.

यातली खरी गोम पैशाची. मेंबर महिन्याला पगार झाल्यावर पैसे देणार, आणि पीठ-रॉकेल तर रोज लागणार. मधले तीस दिवस वाण्याच्या उधारीवर. उधारीचा माल महाग आणि वर खड्यांसकट. तेही भागलं नाही तर डोरलं गहाण. 1975 मध्ये कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि गटातल्या बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची या बोलीवर राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. आज्जीनेही घेतलं. पहिल्यांदा अंगठा दिला, दुसऱ्या कर्जाच्या आधी मामाकडून सही शिकली. आयुष्यभर तेवढीच चार अक्षरं तिला लिहिता आली.

हिशोब मात्र चोख. वहीत प्रत्येक मेंबरचं पान आणि पानाच्या डोक्यावर त्याची खूण: कुणाची मिशी, कुणाची छत्री, एकाचा नुसता सुटलेला कान. दहा रुपयांना एक उभी रेघ. पैसे आले की त्या रेघेवर आडवी मारायची. ती वही तिच्याशिवाय कुणाला वाचता यायची नाही, आणि मला वाटतं तिला ते आवडायचंही.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पहिले काही महिने तिने उधारीवर घातलं, मग मेंबर एकेक करून गावी निघून गेले. वाण्याचं देणं तिच्या बोडक्यावर राहिलं. चाळीतल्या बाकीच्या बायकांनी पैसे बुडाले म्हणून सोडून दिले. आज्जीने 1983 च्या दिवाळीनंतर वही पिशवीत टाकली, सोळा वर्षांच्या आईला बरोबर घेतलं आणि परळ डेपोतून पाटणची एसटी पकडली. वसुलीला.

आठ दिवस त्या दोघी ढेबेवाडी, मोरगिरी करत वाड्यावस्त्या हिंडल्या. एका घरात मिशी माळ्यावर वैरणीत लपला. बायको म्हणाली, मालक तालुक्याला गेल्यात. आज्जी सोप्यात टेकली, तिच्यापुढचं सूप ओढून घेतलं आणि शेंगा सोलायला लागली. तास गेला. मग उंबऱ्याशी बघत म्हणाली, "अनवानीच ग्येलं व्हय तालुक्याला?" वहाणा तिथेच होत्या. मिशी केसातली काडी झटकत खाली आला. "मावशी, पैसं न्हाईत वो." "म्या कुठं म्हनलं पैसंच दे?" तिथून एक कोंबडी आणि दोन पायल्या नाचणी घेतली. कोंबडीच्या भावावरून अर्धा तास घासाघीस झाली. ठरलं तेवढ्याच रेघांवर तिने त्याच्यादेखत आडव्या मारल्या आणि उरलेल्या त्याला मोजून दाखवल्या.

छत्रीच्या घरी मात्र ती पाणीसुद्धा न पिता उठली. घरात काही नव्हतंच. आईने विचारलं, मग याचं पान फाडायचं का? "का म्हनून? मागायचं न्हाई म्हनलं. हिशोब हाय तसा ऱ्हानार."

तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, आणि वहीतही तो चालूच राहिला. नव्वदच्या पुढे कधीतरी एक जण गणपतीत येऊन शंभराची नोट ठेवून गेला. आज्जीने नाव विचारलं नाही, कान बघितला आणि पान काढलं.

तिला कुणी कौतुकाने अन्नपूर्णा म्हटलेलं खपायचं नाही. मंडळाचं नाव ठीक, पण तिला नको. "अन्नपूर्णा पैसं घेत न्हाई. म्या घेते." माया नव्हती असं नाही, पण ती तोंडावर दाखवायची नाही. नातवंडांना खाऊला पैसे मागितले तर आधी भांडी घासायला लावायची. मला तेव्हा तिचा भयंकर राग यायचा.

मामाने बदलापूरला ब्लॉक घेतल्यावर खूप आग्रह केला. ती रविवारी जायची, जेवायची आणि संध्याकाळच्या लोकलने परत. कारण विचारलं की म्हणायची, "म्हशीला पानी पाजायचंय." लालबागच्या दुसऱ्या मजल्यावर! शेवटी मामीही तिला निरोप देताना म्हशीची खुशाली विचारायला लागली.

2012 मध्ये ती गेली, त्याच खोलीत. खोली आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत वही सापडली. आम्ही खुणा ओळखायचा खेळ करत बसलो होतो. शेवटून तिसऱ्या पानावर रिबिनीचं फूल निघालं. आई एकदम गप्प झाली. कॉलेजात जाताना ती तशी रिबीन बांधायची. फीसाठी आज्जीकडून घेतलेले पैसे पुढे नोकरी लागल्यावर तिने थोडेथोडे करून फेडले होते.

तिने बोट ठेवून रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या. म्हणाली, "वीस रुपये राहिलेत."